युरेनियमचे समस्थानिक गुणोत्तर कसे मोजावे: प्रमाणित संदर्भ पदार्थांची निवड आणि वापर

१९७२ साली फ्रान्समधील पियरलात येथील समृद्धीकरण प्रकल्पात युरेनियमच्या नेहमीच्या तपासणीत एक आकडा खटकला. नैसर्गिक युरेनियमात दर शंभर अणूंमागे युरेनियम-२३५ चे ०.७२०२ अणू असायला हवेत, तेथे ०.७१७१ भरत होते. फरक हजारात चारचा. धातुकाचा मागोवा घेत घेत तपास आफ्रिकेतील गॅबॉन देशातल्या ओक्लो खाणीपर्यंत पोहोचला आणि सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी तेथे निसर्गतःच अणुभट्ट्या चालल्या होत्या, हे जगाला कळले. या घटनेतील मापनाचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हजारात चारचा फरक पाहून ‘यंत्र बिघडले असेल’ असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. तसे म्हणता आले नाही, कारण ज्याच्याशी तुलना करायची त्या आकड्यावर भरवसा होता. हा भरवसा प्रमाणित संदर्भ पदार्थ देतो, म्हणजे ज्याचे गुणोत्तर आधीच अचूक ठरवून प्रमाणपत्रासह दिलेले असते असा पदार्थ. तो कसा निवडावा, यंत्रावर कसा चालवावा आणि त्यातून निघालेला आकडा अनिश्चिततेसह कसा मांडावा, हे पुढे सांगितले आहे. रसायनशास्त्राचे किंवा भूशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण झालेल्या आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे आयन वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, नव्याने काम करू लागलेल्या वाचकाला समोर ठेवून हे लिहिले आहे.

काय मोजायचे आहे

नैसर्गिक युरेनियमात तीन समस्थानिके असतात: यु-२३८ सुमारे ९९.२७ टक्के, यु-२३५ सुमारे ०.७२ टक्के आणि यु-२३४ सुमारे ०.००५४ टक्के. यु-२३६ निसर्गात जवळजवळ नसतोच. तो मोजण्याजोग्या प्रमाणात आढळला, तर त्या युरेनियमाचा काही अंश कधीतरी अणुभट्टीतून गेला आहे असे समजावे.

भूशास्त्रात अनेक वर्षे यु-२३८ भागिले यु-२३५ हे गुणोत्तर १३७.८८ असे ठरलेले मानले जाई. पुढे अनेक झिरकॉन खनिजे मोजून २०१२ मध्ये १३७.८१८ ही सरासरी सुचवण्यात आली आणि हे गुणोत्तर सर्वत्र एकच नसते, हेही स्पष्ट झाले. सह्याद्रीच्या लाव्हाथरांमधल्या तांबड्या बोल थरांतील झिरकॉनचे युरेनियम-शिसे पद्धतीने जे कालमापन झाले, तशा कामात या आकड्याच्या तिसऱ्या-चौथ्या अंकालाही किंमत असते. यु-२३४ तर याहून चंचल आहे. तो यु-२३८ च्या क्षयातून जन्मतो, त्यामुळे खनिजाच्या स्फटिकात त्याची जागा सैल असते आणि पाणी त्याला सहज धुऊन नेते. म्हणून भूजलात आणि समुद्राच्या पाण्यात तो समतोलापेक्षा जास्त आढळतो, तर धुतल्या गेलेल्या खडकात कमी. पुस्तकातले ‘नैसर्गिक गुणोत्तर’ उचलून त्यावर यंत्र जुळवणे म्हणूनच चुकीचे आहे. जुळवणी करायची ती बाटलीवर आकडा छापलेल्या आणि त्या आकड्यामागे प्रमाणपत्र असलेल्या पदार्थावरच.

यंत्र खोटे का बोलते

कोणताही मास स्पेक्ट्रोमीटर हलक्या आणि जड आयनांना सारखी वागणूक देत नाही. औष्णिक आयनीकरणाच्या यंत्रात, ज्याला सगळे टिम्स म्हणतात, तापलेल्या फिलामेंटवरून, म्हणजे धातूच्या पट्टीवरून, हलका समस्थानिक आधी उडतो. त्यामुळे सुरुवातीला यु-२३५ चे प्रमाण जास्त दिसते आणि नमुना संपत येतो तसे ते उतरत जाते. हा परिणाम साधारणपणे प्रत्येक वस्तुमान-एककामागे हजारात एकच्या आसपास असतो. प्लाझ्मा वापरणाऱ्या बहुसंग्राहक यंत्रात, म्हणजे एमसी-आयसीपी-एमएसमध्ये, उलट घडते: जड आयन अधिक प्रमाणात आत पोहोचतात. तेथे प्रत्येक एककामागे अर्धा ते एक टक्का विचलन सहज दिसते. यु-२३५ आणि यु-२३८ यांत तीन एककांचे अंतर आहे, म्हणजे जुळवणी केली नाही तर दीड ते तीन टक्क्यांची चूक ठरलेली. ओक्लोचा सगळा फरक अर्ध्या टक्क्याचाही नव्हता, हे येथे आठवावे.

प्लाझ्मा यंत्रातले हे विचलन मोठे असले, तरी काही तास बऱ्यापैकी स्थिर राहते. नमुना आणि संदर्भ पदार्थ एकाआड एक चालवून ते काढून टाकता येते ते या स्थिरतेमुळेच.

संदर्भ पदार्थाची निवड

युरेनियमच्या समस्थानिक संदर्भ पदार्थांची दोन घराणी जगभर वापरात आहेत. पहिले अमेरिकेतील न्यू ब्रन्सविक लॅबोरेटरीचे, ज्याला सगळे एनबीएल म्हणून ओळखतात. यातील बरेच पदार्थ मूळचे तेथल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सचे असून नंतर एनबीएलकडे आले. या मालिकेत नावातच यु-२३५ चा अंदाज मिळतो: यू-०१० मध्ये सुमारे १ टक्का, यू-५०० मध्ये जवळजवळ ५० टक्के, यू-९३० मध्ये सुमारे ९३ टक्के. यू-५०० मध्ये यु-२३५ भागिले यु-२३८ हे गुणोत्तर ०.९९९७ आहे. दोन्ही समस्थानिकांच्या आयन-किरणांची तीव्रता सारखी असल्यामुळे वस्तुमान-विचलन ठरवण्यासाठी तो फार सोयीचा पडतो. नैसर्गिक युरेनियमासाठी याच घराण्यातील सीआरएम ११२-ए हा धातू वापरतात (सीआरएम म्हणजे प्रमाणित संदर्भ पदार्थाचे इंग्रजी लघुरूप). त्याचेच द्रावण सीआरएम १४५ या नावाने मिळते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनानुसार त्याचे यु-२३८ भागिले यु-२३५ हे गुणोत्तर १३७.८३७ असून विस्तारित अनिश्चितता ०.०१५ आहे.

दुसरे घराणे बेल्जियममधील गील येथील युरोपीय संयुक्त संशोधन केंद्राचे. तेथील पदार्थांच्या नावाआधी अजूनही बहुतेक जण आयआरएमएम हे त्या संस्थेच्या जुन्या नावाचे लघुरूप लावतात. त्यातील आयआरएमएम-१८४ हे नैसर्गिक युरेनियमाच्या जवळचे द्रावण आहे; त्याचे यु-२३५ भागिले यु-२३८ हे गुणोत्तर ०.००७२६२३ आणि विस्तारित अनिश्चितता ०.०००००२२ आहे. आयआरएमएम-०७४ ही मालिका आयन काउंटर, म्हणजे एकेक आयन मोजणारा संग्राहक, सर्व तीव्रतांवर सरळ रेषेत चालतो का, हे तपासण्यासाठी आहे. तिच्यात यु-२३५ आणि यु-२३८ जवळजवळ समान असून यु-२३३ चे प्रमाण बाटलीगणिक टप्प्याटप्प्याने उतरत जाते. आयआरएमएम-३६३६ हा यु-२३३ आणि यु-२३६ यांचा जोडस्पाइक आहे; स्पाइक म्हणजे नमुन्यात मुद्दाम मिसळायचा, ज्ञात गुणोत्तराचा पदार्थ. त्याच्याकडे पुढे येऊ.

निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, आपल्या नमुन्यातील गुणोत्तराच्या शक्य तितके जवळचे गुणोत्तर असलेला पदार्थ घ्यावा, म्हणजे संग्राहकांवर पडणाऱ्या किरणांची तीव्रता दोन्हींत सारखी राहते आणि संग्राहकांचे दोष एकमेकांना खोडतात. दुसरी, प्रमाणपत्रावर नेमके काय प्रमाणित केले आहे ते वाचावे. एखादा पदार्थ युरेनियमाच्या एकूण प्रमाणासाठी प्रमाणित असतो आणि त्याची समस्थानिक गुणोत्तरे केवळ माहितीसाठी छापलेली असतात. माहितीचा आकडा प्रमाणित आकड्यासारखा वापरणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. तिसरी, अनिश्चिततेशेजारी व्याप्ती गुणक किती दिला आहे ते पाहावे, म्हणजे प्रमाण अनिश्चितता कितीने गुणून छापलेली विस्तारित अनिश्चितता काढली आहे ते. बहुतेक ठिकाणी तो २ असतो, म्हणजे गणितात घालण्यापूर्वी छापलेला आकडा निम्मा करावा लागतो. चौथी, आकडा अणूंच्या प्रमाणात आहे की वजनाच्या, याची खात्री करावी. नैसर्गिक यु-२३५ अणूंच्या हिशेबाने ०.७२० टक्के आणि वजनाच्या हिशेबाने ०.७११ टक्के असतो, आणि या दोन आकड्यांची गल्लत ओक्लोच्या फरकापेक्षा मोठी आहे.

आणि या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा नियम असा की दोन पदार्थ घ्यावेत, एक नाही. एकाने यंत्र जुळवावे, दुसऱ्याने ती जुळवणी तपासावी, आणि दोघे वेगवेगळ्या बाटल्यांतले, शक्य तर वेगवेगळ्या घराण्यांतले असावेत.

हा नियम मी चुकीतून शिकलो. एका प्रयोगशाळेत काम करत असताना आम्ही जुळवणी आणि तपासणी एकाच साठ्याच्या द्रावणातून करत होतो. तपासणीचा आलेख कित्येक आठवडे नियंत्रण-रेषांच्या आत सुरेख सरळ होता. मात्र सगळे नमुने थोडे थोडे कमी यु-२३५ दाखवू लागले आणि आम्ही दोष नमुन्यांच्या रसायनात शोधत राहिलो. शेवटी दुसऱ्या घराण्यातील बाटली उघडून चालवली तेव्हा तीही तितकीच कमी भरली. यू-५०० मध्ये बुडवलेले पिपेटचे टोक नैसर्गिक साठ्यात कधीतरी शिरले होते. साठ्यात यु-२३५ वाढल्यामुळे दुरुस्तीचा गुणक लहान झाला होता आणि म्हणून बाकी सगळे कमी दिसत होते. तपासणीचे द्रावण त्याच बाटलीतले असल्यामुळे ते अर्थातच दर वेळी उत्तीर्ण होत होते.

यासाठी किती यू-५०० पुरतो, त्याचा हिशेब एकदा करून पाहावा. नैसर्गिक युरेनियमाच्या दहा हजार भागांत यू-५०० चा एक भाग मिसळला, तर यु-२३५ चे प्रमाण ०.००७२० वरून सुमारे ०.००७२५ होते, म्हणजे तब्बल ०.७ टक्क्याने वाढते. डोळ्याला न दिसणारा थेंब एवढे करू शकतो. समृद्ध पदार्थांच्या बाटल्या, पिपेट आणि वायल वेगळ्या कपाटात आणि वेगळ्या रंगाच्या खुणेसह ठेवाव्यात. जागा असेल तर खोलीही वेगळी असावी.

द्रावणे आणि रसायन

संदर्भ पदार्थ विकत घेण्याआधी परवान्याचे काम उरकावे. युरेनियम अल्प प्रमाणात असले, तरी ते नियंत्रित द्रव्य आहे. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार परवानगी, साठ्याची नोंद आणि टाकाऊ द्रावणाची विल्हेवाट या तिन्हींची व्यवस्था आधी करावी लागते.

धातूच्या रूपातील सीआरएम ११२-ए च्या पृष्ठभागावर काळसर ऑक्साइड साठतो. प्रमाणपत्रात दिल्याप्रमाणे नायट्रिक आम्लात तो उतरवून, पाण्याने आणि मग ॲसिटोनने धुऊन, कोरडा करून मगच तुकडा विरघळवावा. ऑक्साइडच्या भुकटीचे पदार्थ कोमट, तीव्र नायट्रिक आम्लात सहज विरघळतात. गुणोत्तरासाठी वजनाची अचूकता फारशी लागत नाही, स्पाइक घालायचा असेल तर मात्र पुरेपूर लागते. साठ्याचे द्रावण नायट्रिक आम्लातच ठेवावे आणि कामाचे विरल द्रावण २ ते ३ टक्के नायट्रिक आम्लात रोज ताजे करावे. साठ्याच्या बाटलीत पिपेट कधीही बुडवू नये. लागेल तेवढे लहान वायलमध्ये ओतून घ्यावे आणि उरलेले परत ओतू नये.

खडक, माती किंवा पाण्याचा नमुना थेट यंत्रात घालता येत नाही. सोबतचे लोह, कॅल्शियम, थोरियम वस्तुमान-विचलन बदलतात, आणि मग संदर्भ पदार्थावर काढलेला गुणक नमुन्याला लागू पडत नाही. युरेनियम वेगळे करण्यासाठी युटेव्हा नावाचे रेझिन सर्वाधिक वापरले जाते. नमुना ३ मोलर नायट्रिक आम्लात कॉलमवर, म्हणजे रेझिन भरलेल्या नळीवर, घालावा. युरेनियम आणि थोरियम अडकतात, बाकी बहुतेक सगळे वाहून जाते. नंतर ५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने थोरियम उतरवावे आणि शेवटी अगदी विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने युरेनियम. शेवटचे थेंबही गोळा करावेत. कॉलममधून सगळे युरेनियम बाहेर आले नाही, तर आधी उतरलेल्या आणि मागे राहिलेल्या भागांत समस्थानिकांचे प्रमाण किंचित निराळे असू शकते. प्रत्येक तुकडीबरोबर एक कोरा नमुना आणि एक प्रमाणित पदार्थ त्याच कॉलममधून न्यावा. यंत्रावर थेट चालवलेला प्रमाणित पदार्थ आणि कॉलममधून नेलेला तोच पदार्थ यांचे गुणोत्तर जुळले, तरच रसायनाने काही बिघडवलेले नाही असे म्हणता येते.

प्लाझ्मा यंत्रावर प्रत्यक्ष मापन

यंत्र सुरू केल्यावर निदान एक तास ते तापू द्यावे आणि तेवढा वेळ विरल आम्ल चालू ठेवावे. त्यानंतरचा क्रम असा: कोरे आम्ल, संदर्भ, कोरे आम्ल, नमुना, कोरे आम्ल, संदर्भ, आणि पुन्हा तसेच. प्रत्येक नमुना दोन संदर्भ मापनांच्या मध्ये पकडलेला असावा. नमुन्यातील युरेनियमाची तीव्रता संदर्भाच्या दहा टक्क्यांच्या आत जुळवून घ्यावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नये. तीव्रता जुळलेली नसली, तर पार्श्वभूमीची वजाबाकी आणि संग्राहकांचा प्रतिसाद दोन्ही मापनांत वेगळे पडतात.

यु-२३८ आणि यु-२३५ फॅराडे कपात, म्हणजे किरणाचा विद्युतप्रवाह मोजणाऱ्या संग्राहकात, घ्यावेत. यु-२३८ चा किरण १०० अब्ज ओहमच्या रोधावर १० व्होल्ट देत असेल, तर यु-२३५ सुमारे ७२ मिलिव्होल्ट देतो. यु-२३४ मात्र अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे दर सेकंदाला सुमारे ३३,००० आयन, इतका क्षीण असतो. तो आयन काउंटरवर मोजावा. येथून काळजीचा मुख्य भाग सुरू होतो.

आयन काउंटरला एक आयन मोजल्यावर पुढचा मोजण्याआधी क्षणभर विसावा लागतो. हा डेड टाइम २० नॅनोसेकंद धरला, तर ३३,००० च्या वेगावर चूक ०.०७ टक्क्याच्या आत राहते, पण पाच लाखांच्या वेगावर ती एक टक्का होते. डेड टाइम पुस्तिकेतून न उचलता आयआरएमएम-०७४ सारख्या मालिकेने स्वतः ठरवावा. शिवाय काउंटरची क्षमता शंभर टक्के नसते आणि ती दिवसभरात सरकत जाते, म्हणून संदर्भ पदार्थातील प्रमाणित यु-२३४ वापरून प्रत्येक कंसात, म्हणजे दोन संदर्भ मापनांमधल्या टप्प्यात, ती नव्याने काढावी. सीआरएम ११२-ए मध्ये दर दशलक्ष यु-२३८ अणूंमागे यु-२३४ चे ५२.८४ अणू प्रमाणित आहेत, त्यामुळे एकाच बाटलीने दोन्ही कामे होतात.

दुसरा त्रास यु-२३८ च्या शेपटीचा. एवढ्या मोठ्या किरणातील काही आयन वाटेत वायूच्या रेणूंवर आदळून ऊर्जा गमावतात आणि शेजारच्या वस्तुमानांवर सांडतात. दहा व्होल्टचा यु-२३८ म्हणजे दर सेकंदाला सुमारे ६२ कोटी आयन. त्यातला एक कोटीत एक जरी २३४ वर सांडला, तरी ६२ आयनांची भर पडते, आणि ३३,००० मध्ये ती ०.२ टक्के होते. २३३.५ आणि २३४.५ या रिकाम्या जागी मोजून, दोन्हींमध्ये घातांकी वक्र बसवून ही शेपटी वजा करावी. सरळ रेषेने वजाबाकी केली तर ती जास्त होते, कारण शेपूट वक्र असते.

यु-२३६ मोजायचा असेल तर आणखी एक भोवरा आहे. प्लाझ्मात युरेनियमाला हायड्रोजन चिकटतो आणि यु-२३५ चे हायड्राइड नेमके २३६ वर बसते. हायड्राइडचे प्रमाण एक लाखात एक धरले, तर नैसर्गिक युरेनियमात ते यु-२३८ च्या तुलनेत एक कोटीत ०.७ इतके येते. आयआरएमएम-१८४ मधला खरा यु-२३६ एक कोटीत १.२४ इतका आहे. म्हणजे दुरुस्ती केली नाही तर दिसणाऱ्या आकड्याचा तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भाग हायड्राइडचा असतो. द्रावणातील पाणी आधीच काढून टाकणारा नेब्युलायझर जोडला, तर हे प्रमाण साधारण दसपटीने उतरते. उरलेले प्रमाण शुद्ध युरेनियम द्रावणात २३९ आणि २३८ यांचे गुणोत्तर मोजून काढावे आणि यु-२३५ ला लावून वजा करावे. शेपटीसाठीही येथे नुसते गणित पुरत नाही. काउंटरच्या आधी ऊर्जा-गाळणी लागतेच.

दोन नमुन्यांमध्ये किमान पाच मिनिटे धुवावे, आणि घड्याळाकडे न पाहता २३८ चा सिग्नल ठरवलेल्या पातळीखाली गेला का ते पाहावे. समृद्ध नमुन्यानंतर लगेच नैसर्गिक नमुना लावू नये. क्रम नेहमी कमी समृद्धीकडून जास्तीकडे असावा.

एक उदाहरण

आकडे समजावे म्हणून एक कल्पित मापन घेऊ. सीआरएम ११२-ए चे प्रमाणित यु-२३५ भागिले यु-२३८ हे गुणोत्तर १ भागिले १३७.८३७, म्हणजे ०.००७२५४९. यंत्रावर नमुन्याआधी ते ०.००७१२५२ आणि नमुन्यानंतर ०.००७१२६० आले, सरासरी ०.००७१२५६. दुरुस्तीचा गुणक म्हणजे प्रमाणित भागिले मोजलेले, १.०१८१४६. नमुना ०.००७१०२१ दाखवत असेल, तर दुरुस्त गुणोत्तर ०.००७२३१०.

यु-२३४ साठी हाच गुणक वापरता येत नाही, कारण २३४ आणि २३८ यांत चार एककांचे अंतर आहे. येथे घातांकी नियम लावतात: गुणक म्हणजे दोन वस्तुमानांच्या भागाकाराचा बीटा हा घात. वस्तुमाने २३४.०४०९५, २३५.०४३९३ आणि २३८.०५०७९ अशी, अपूर्णांकांसह घ्यावीत. १.०१८१४६ चा नैसर्गिक लॉगरिदम ०.०१७९८३, २३५.०४३९३ भागिले २३८.०५०७९ याचा लॉगरिदम उणे ०.०१२७१२, भागाकाराने बीटा उणे १.४१५ येतो. २३४ आणि २३८ यांच्या वस्तुमानांच्या भागाकाराचा लॉगरिदम उणे ०.०१६९८८ आहे, बीटाने गुणून घातांक घेतला की यु-२३४ साठीचा गुणक १.०२४३ निघतो. काउंटरची क्षमता, डेड टाइम आणि शेपूट यांची दुरुस्ती झाल्यावर नमुना दर दशलक्षात ५१.९० दाखवत असेल, तर खरे प्रमाण ५३.१६.

टिम्सवर

टिम्समधील काम हाताचे आहे आणि ते शिकायला वेळ लागतो. ऱ्हेनियमच्या बारीक पट्टीची फिलामेंट निर्वातात तापवून आधी शुद्ध करून घेतात. नंतर सुमारे एक मायक्रोलीटरचा थेंब, ज्यात एक ते पाच मायक्रोग्रॅम युरेनियम असते, पट्टीच्या बरोबर मध्यावर ठेवतात. थेंब कडांकडे पसरू लागला की ती फिलामेंट बाजूला ठेवून दुसरी घ्यावी. पसरलेला नमुना असमान तापतो. मंद विद्युतप्रवाहाने थेंब वाळू द्यावा, पिवळसर डाग उरेल. मग प्रवाह हळूहळू वाढवत पट्टी क्षणभर काळपट लाल दिसेपर्यंत न्यावी आणि लगेच बंद करावी. हा लाल रंग ओळखण्यासाठी खोलीतले दिवे मंद ठेवणे उपयोगी पडते. संदर्भ पदार्थ आणि नमुने एकाच चकतीवर, त्याच हाताने, त्याच दिवशी चढवावेत आणि दोन्हींचे प्रमाण सारखे ठेवावे, कारण विचलन नमुन्याच्या मात्रेवर आणि तापवण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते.

सुरुवातीला जास्त आणि शेवटी कमी दिसणाऱ्या गुणोत्तराचा प्रश्न सोडवण्यासाठी संपूर्ण बाष्पीभवनाची पद्धत वापरतात. नमुना पूर्ण संपेपर्यंत सगळ्या समस्थानिकांचे सिग्नल गोळा करायचे आणि बेरजांचे गुणोत्तर काढायचे. सगळेच उडून गेले की कोण आधी उडाले याला महत्त्व उरत नाही. मुख्य गुणोत्तरासाठी ही पद्धत उत्तम आहे. मात्र सलग मापनात शेपूट आणि काउंटरची क्षमता तपासायला सवड मिळत नाही, म्हणून यु-२३४ आणि यु-२३६ हवे असतील तर ठरावीक अंतराने मापन थांबवून या तपासण्या करणारी सुधारित पद्धत वापरावी. संपूर्ण बाष्पीभवनानंतरही थोडे विचलन उरतेच, आणि ते काढण्यासाठी संदर्भ पदार्थ लागतो.

जोडस्पाइक

नैसर्गिक नमुन्यांमधील दहा हजारात एक इतका फरक पाहायचा असेल, तर आयआरएमएम-३६३६ सारखा जोडस्पाइक नमुन्यातच मिसळतात. त्यात यु-२३३ भागिले यु-२३६ हे गुणोत्तर १.०१९०६ असे प्रमाणित आहे, आणि हे अंतरही तीनच एककांचे. नमुन्याबरोबर त्याच क्षणी, त्याच फिलामेंटवर किंवा त्याच प्लाझ्मात हे गुणोत्तर किती बदलले ते पाहून नमुन्याचे विचलन काढता येते. कॉलमच्या आधीच स्पाइक घातला, तर रसायनातील विभाजनही याच दुरुस्तीत येते. किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. स्पाइकमध्येही थोडे यु-२३५ आणि यु-२३८ असते, ते प्रमाणपत्रानुसार वजा करावे लागते. आणि स्पाइक घातलेल्या भागात नमुन्याचा स्वतःचा यु-२३६ मोजता येत नाही, म्हणून नमुन्याचा एक भाग स्पाइकविना राखून ठेवावा.

तपासणी आणि अनिश्चितता

आता दुसरी बाटली कामाला येते. वरच्या उदाहरणाच्या दिवशी आयआरएमएम-१८४ अनोळखी नमुन्यासारखा चालवला आणि ०.००७२६१८ आला, असे धरू. प्रमाणित आकड्याशी फरक ०.००००००५ एवढा. आपली विस्तारित अनिश्चितता ०.०००००१८ आणि प्रमाणपत्राची ०.०००००२२; दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ सुमारे ०.०००००२८. फरक या आकड्याने भागला की ०.१८ मिळतात. ही संख्या एकच्या आत असेल तर जुळवणी मान्य करावी. एकाबाहेर गेली तर त्या दिवसाचे निकाल थांबवावेत आणि कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. ‘बाकी सगळे ठीक दिसते’ हे कारण नव्हे.

आपली ०.०००००१८ ही अनिश्चितता टक्क्यांच्या हिशेबाने कशी आली तेही पाहावे, कारण दशांशांची शून्ये मोजताना चूक लवकर होते. प्रमाणपत्रातील ०.०१५ भागिले १३७.८३७ म्हणजे ०.०११ टक्के, गुणक २ असल्यामुळे प्रमाण अनिश्चितता ०.००५४ टक्के. संदर्भाच्या मापनाची पुनरावृत्तिक्षमता ०.००८ टक्के आणि नमुन्याचीही तेवढीच धरली, तर वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ ०.०१२५ टक्के, आणि दुपटीने ०.०२५ टक्के. ०.००७२३१० चे ०.०२५ टक्के म्हणजे ०.०००००१८. यातून एक गोष्ट उघड होते: मापन कितीही वेळा केले, तरी प्रमाणपत्राच्या ०.००५४ टक्क्याखाली जाता येत नाही. पुनरावृत्तीचे प्रमाण विचलन तेवढेच लिहून प्रमाणपत्राचा भाग वगळलेले निकाल मी पुष्कळ पाहिले आहेत; ते दिसायला नेटके असतात, पण दुसऱ्या प्रयोगशाळेशी तुलना करायला निरुपयोगी असतात.

यु-२३४ च्या अनिश्चिततेत काउंटरची क्षमता, शेपटीची वजाबाकी आणि मोजलेल्या आयनांची संख्या यांचाही समावेश करावा. ३३,००० च्या वेगाने पाच मिनिटे मोजले तर सुमारे एक कोटी आयन जमतात आणि केवळ संख्येमुळे येणारी अनिश्चितता ०.०३ टक्के असते. या मापनात बहुधा काउंटरची क्षमताच सर्वांत मोठी निघते.

निकाल लिहिताना

अहवालात गुणोत्तर, विस्तारित अनिश्चितता आणि व्याप्ती गुणक यांबरोबर जुळवणीचा पदार्थ, तपासणीचा पदार्थ, दोन्हींचे वापरलेले प्रमाणित आकडे आणि प्रमाणपत्राची तारीख लिहावी. प्रमाणपत्रे सुधारली जातात. १३७.८८ वर जुळवलेला जुना निकाल आणि १३७.८३७ वर जुळवलेला नवा निकाल यांत केवळ या बदलामुळे ०.०३ टक्क्यांचा फरक पडतो. वापरलेला आकडा लिहिलेला असेल तर वीस वर्षांनीही तो निकाल नव्या आकड्यावर आणता येतो. दुरुस्त न केलेली मूळ गुणोत्तरेही जपून ठेवावीत. बाटली उघडल्याची तारीख, प्रत्येक वेळी ओतून घेतलेले प्रमाण आणि ओतणाऱ्याची सही यांची वही बाटलीशेजारीच असावी.